पुनरावृत्त प्रदेशांतील डीएनए-दुरुस्ती

जीनोममध्ये, म्हणजे पेशीतील संपूर्ण डीएनएमध्ये, एकच क्रम अनेकदा येतो अशा ठिकाणी डीएनएचे दोन्ही धागे तुटले, तर ते सांधण्यासाठी पेशी वापरते त्या प्रक्रिया. असे प्रदेश थोडेथोडके नाहीत. मानवी जीनोमचा सुमारे अर्धा भाग पुनरावृत्त आहे. त्यात सुमारे ३०० क्षारकजोड्यांच्या (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांच्या) ‘आल्यू’ या घटकाच्याच दहा लाखांहून अधिक प्रती आहेत, तर गुणसूत्रबिंदूपाशी (पेशी विभागताना गुणसूत्र जिथे धरून ओढले जाते तिथे) १७१ क्षारकजोड्यांचा एक तुकडा हजारो वेळा ओळीने येतो.

तुटलेली टोके जोडण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिल्यात ‘कू’ प्रथिने टोके धरतात आणि लायगेज-४ हे विकर ती थेट चिकटवते. हे काम झटपट होते, पण सांध्यावरची दोन-चार अक्षरे गळू शकतात किंवा वाढू शकतात. दुसरा मार्ग समजात पुनःसंयोजनाचा, म्हणजे सारख्या क्रमाच्या आधाराने दुरुस्तीचा. यात टोकांचा एकेक धागा कुरतडला जातो, उरलेल्या एकेरी धाग्यावर रॅड५१ प्रथिन चढते आणि तो धागा आपल्याशी जुळणारा क्रम शोधून त्यावरून हरवलेला मजकूर उतरवून घेतो. एरवी हाच मार्ग सर्वांत अचूक. पुनरावृत्त प्रदेशात मात्र जुळणारे क्रम असंख्य असतात आणि तेच धोक्याचे ठरते. गावात एकाच नावाचे अनेक खातेदार असले की फेरफार भलत्याच सातबाऱ्यावर चढावा, तसे घडते.

चुकीची जोडी जमली की मधला भाग गळतो, दुणावतो किंवा दुसऱ्या गुणसूत्राला जाऊन चिकटतो. रॅड५२ प्रथिनाच्या साहाय्याने दोन सारखे क्रम एकमेकांवर बसले, तर त्यांच्यामधले सगळेच नाहीसे होते. भारतात आढळणाऱ्या अल्फा थॅलेसेमियाच्या एका प्रकारात जवळपास सारख्या दोन जनुकांमध्ये असेच पुनःसंयोजन होऊन सुमारे ३,७०० क्षारकजोड्या गेलेल्या असतात.

पुनरावृत्त क्रमांमधील पुनःसंयोजनाचे सर्वांत देखणे उदाहरण द्राक्षवेलीत सापडते, आणि सांगली जिल्ह्यातील वाचकाला ते परके वाटू नये. तासगाव परिसरातील बागांत आणि बेदाण्यात थॉमसन सीडलेस व तिच्यातून तासगाव तालुक्यात निवडलेली तास-ए-गणेश या हिरव्या जातींचे मोठे स्थान आहे. बहुतेक हिरव्या जातींत फळाला रंग आणणाऱ्या एका जनुकाच्या पुढ्यात ‘ग्रेट-१’ हा सुमारे १०,००० क्षारकजोड्यांचा फिरता (जीनोममध्ये जागा बदलू शकणारा) घटक घुसून बसलेला आहे, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे ते जनुक बंद पडते. या घटकाच्या दोन्ही टोकांना ८०० हून थोड्या अधिक क्षारकजोड्यांचा एकच क्रम आहे. ‘इटालिया’ या हिरव्या जातीच्या वेलीत ही दोन टोके आपसांत जुळली, मधला भाग निघून गेला, एकच टोक मागे राहिले आणि जनुक पुन्हा चालू झाले. तीच लाल ‘रुबी ओकुयामा’. वेल बियांपासून न लावता काडी किंवा कलम बांधून वाढवली जाते. म्हणून वेलीच्या एका डोळ्यातील (अंकुरातील) पेशीत झालेला असा बदल पुढे बागच्या बाग टिकतो.

इतका धोका असूनही पेशी अचूक मार्ग सोडून देत नाही, ती जागा बदलते. या विषयातला सर्वांत विलक्षण शोध हाच म्हणावा लागेल. फळमाशीच्या पेशींत पुनरावृत्त क्रम घट्ट गुंडाळलेल्या हेटरोक्रोमॅटिनमध्ये असतात. तिथे भंग झाला की टोके कुरतडण्याचे काम आतच सुरू होते, पण एसएमसी५/६ हा प्रथिनसमूह आणि सुमो हे छोटे प्रथिन रॅड५१ ला तिथे चढू देत नाहीत. भंग त्या प्रदेशाबाहेर येतो, हे २०११ मध्ये दिसले. तो केंद्रकाच्या कडेपर्यंत जातो आणि तिथेच रॅड५१ काम हाती घेते, हे २०१५ मध्ये कळले. ही वाटचाल अ‍ॅक्टिनच्या तंतूंवरून मायोसिनच्या बळावर होते, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे स्नायू आकुंचित करणारे प्रथिनकुटुंबच इथेही राबते. इतर प्रतींच्या गर्दीतून दूर गेल्यावर जवळ उरते ती प्रामुख्याने भगिनी-धाग्यावरची, म्हणजे डीएनएची प्रत निघताना बनलेल्या जुळ्या धाग्यावरची, खरी प्रत. यीस्टमध्येही रायबोसोमच्या जनुकांच्या रांगेतला भंग केंद्रकीबाहेर (केंद्रकातील ज्या भागात ही जनुके असतात त्याबाहेर) येऊन दुरुस्त होतो. मानवी गुणसूत्रबिंदूंची रीत थोडी वेगळी आहे: तिथे डीएनएची प्रत निघण्याआधीच्या टप्प्यातही रॅड५१ काम करताना दिसते.

या प्रदेशांचा अभ्यास दीर्घकाळ रखडला, कारण छोटे तुकडे वाचणाऱ्या यंत्रांना कोणता तुकडा कोणत्या प्रतीतला हे सांगता येत नसे. लांब तुकडे वाचण्याच्या तंत्राने २०२२ मध्ये मानवी जीनोमचा राहिलेला सुमारे ८ टक्के भाग जुळवण्यात आला. त्यात गुणसूत्रबिंदू आणि रायबोसोमच्या जनुकांच्या रांगा यांचा समावेश होता. त्यामुळे भंग नेमका कोणत्या प्रतीत झाला आणि दुरुस्तीनंतर किती प्रती उरल्या, हे आता पडताळता येऊ लागले आहे.