एकाच रंगाचे दोन टँकर: मेथॅनॉल आणि इथेनॉल

धुळे–सोलापूर महामार्गावर चौसाळ्याजवळच्या एखाद्या ढाब्यावर दुपारी तासभर बसले, तर एकाच घडणीचे दोन टँकर शेजारी उभे असलेले सहज दिसू शकतात. दोन्हींवर ‘अत्यंत ज्वालाग्राही’ असे लिहिलेले असते, दोन्हींमध्ये पाण्यासारखा स्वच्छ, रंगहीन द्रव असतो, आणि चालकांना विचारले तर दोघांकडूनही बहुधा एकच उत्तर मिळते, “स्पिरिट आहे, साहेब.” एक टँकर लातूर किंवा धाराशिवकडच्या साखर कारखान्यातून इथेनॉल घेऊन तेल कंपनीच्या डेपोकडे निघालेला असतो, तर दुसरा बंदरावर उतरलेले मेथॅनॉल घेऊन एखाद्या औद्योगिक वसाहतीकडे. पहिल्यातला द्रव माणूस हजारो वर्षे पीत आला आहे. दुसऱ्यातला दहा मिलिलिटर पोटात गेला तरी दृष्टी जाऊ शकते आणि तीस मिलिलिटरने जीवही जाऊ शकतो.

फरक लिहिलेला असतो, फक्त तो वाचावा लागतो. धोकादायक माल वाहणाऱ्या वाहनावर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार माहितीचा फलक लावावा लागतो आणि त्यावर त्या पदार्थाचा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला चार आकडी क्रमांक असतो. मेथॅनॉलचा क्रमांक १२३० आणि इथेनॉलचा ११७०. ज्वाळेचे चित्र दोघांच्याही वाट्याला येते, परंतु मेथॅनॉलच्या वर्गीकरणात ज्वालाग्राहीपणाच्या जोडीला विषारीपणाही धरलेला आहे, म्हणून त्याला कवटीचे दुसरे चिन्ह लागते.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे दोघे सख्खे भाऊ आहेत. मेथॅनॉलच्या रेणूत कार्बनचा एक अणू असतो, इथेनॉलच्या रेणूत दोन. बाकीची ठेवण तीच. मात्र जन्मस्थाने पूर्ण वेगळी आहेत, आणि माझ्या मते हा घोळ समजून घेण्याची किल्ली रेणूच्या आकृतीपेक्षा या जन्मस्थानांतच आहे.

इथेनॉलचे जन्मस्थान मराठवाड्याला सांगायला नको. एक टन ऊस गाळला की साखरेबरोबर साधारण ४० ते ४५ किलो मळी उरते. ही काळी, चिकट मळी पाण्याने पातळ करून तिच्यात यीस्ट सोडले, की ते जीव तिच्यातली उरलेली साखर खाऊन इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात. आंबवण्याच्या टाकीवर वाकून पाहिले तर तपकिरी फेस हळूहळू वर येताना दिसतो आणि आंबूस, किंचित गोड वास नाकात बसतो. गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या वाऱ्याला राहणाऱ्या माणसाला हा वास घरच्या अंगणाइतका ओळखीचा असतो. या आंबलेल्या ‘वॉश’मध्ये मद्यार्क जेमतेम आठ-दहा टक्के असतो. ऊर्ध्वपातनाने तो ९५ टक्क्यांच्या थोडा पुढे नेता येतो. त्यापलीकडे पाणी आणि मद्यार्क एकत्रच उकळू लागतात, म्हणून उरलेले पाणी शोषून घेण्यासाठी अतिसूक्ष्म छिद्रे असलेल्या झिओलाइटच्या मण्यांतून वाफ सोडतात. पेट्रोलमध्ये मिसळले जाते ते या शेवटच्या टप्प्यातले, साडेनव्याण्णव टक्क्यांच्या वरचे इथेनॉल. साखर पुरेपूर काढून घेतलेल्या सी-हेवी मळीच्या एका टनातून सुमारे २२५ लिटर, तर साखर कमी काढून घेतलेल्या बी-हेवी मळीतून सुमारे ३०० लिटर मिळते. साखर कमी काढून इथेनॉल वाढवायचे की उलट, हा हिशेब त्यामुळे कारखान्याला दर हंगामात नव्याने मांडावा लागतो. कमी पावसाच्या वर्षी, डिसेंबर २०२३ मध्ये, केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि हा सगळा हिशेब एका रात्रीत फिरला. तेव्हापासून इथेनॉलसाठी मक्याचे महत्त्व जे वाढले ते वाढलेच.

मेथॅनॉलला शेताशी देणेघेणे नाही. त्याचे जुने नाव ‘लाकडाचा मद्यार्क’, कारण हवा न लागू देता लाकूड तापवले की निघणाऱ्या अर्कात तो सापडत असे. रॉबर्ट बॉइलने १६६१ मध्ये तो असाच वेगळा केला होता. फ्रान्समधल्या ड्यूमा आणि पेलिगो यांनी १८३४ मध्ये त्याची रासायनिक घडण निश्चित केली आणि ग्रीक भाषेतले मद्य व लाकूड या अर्थांचे दोन शब्द जोडून त्याच्या नावाचे मूळ घडवले. म्हणजे ‘मद्य’ त्याच्या नावात पहिल्यापासूनच चिकटलेले आहे, आणि ही दिशाभूल आजही चालू आहे. लाकडाचे युग १९२३ मध्ये संपले. त्या वर्षी जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांच्यापासून, प्रचंड दाबाखाली आणि जस्त-क्रोमियमच्या उत्प्रेरकावर, मेथॅनॉल कारखान्यात बनवायला सुरुवात केली. १९६० च्या दशकात ब्रिटनच्या आयसीआयने तांब्याचा उत्प्रेरक वापरून तेच काम बऱ्याच कमी दाबात साधले आणि मेथॅनॉल स्वस्त झाले. आज हे दोन वायू बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून मिळवतात, चीनमध्ये मुख्यतः कोळशापासून. भारतात नैसर्गिक वायू अपुरा आणि महाग असल्यामुळे आपल्या गरजेचे बरेचसे मेथॅनॉल आखाती देशांतून जहाजाने येते.

उपयोगांतही घराण्याचा फरक दिसतो. मेथॅनॉल हा प्रामुख्याने कच्चा माल आहे. त्यापासून फॉर्माल्डिहाइड बनते. प्लायवूडचे थर चिकटवणारे रेझिन आणि प्रयोगशाळेच्या बरण्यांतले नमुने टिकवणारे फॉर्मालिन हे त्याचेच पुढचे अवतार. अॅसेटिक आम्ल आणि बायोडिझेल यांच्या निर्मितीत ते लागते, आणि औषध कारखान्यांत द्रावक म्हणून त्याचा मोठा खप आहे. इथेनॉलही द्रावक आहे, सॅनिटायझरमध्ये आहे, दारूत तर आहेच. पण आता त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक पेट्रोल पंप झाला आहे. देशाने १० टक्के मिश्रणाचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला आणि २० टक्क्यांचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून विक्रीला आले. गोंधळात भर म्हणजे मेथॅनॉलही इंधन म्हणून चालते: एप्रिल २०२२ मध्ये आसामातल्या तिनसुकियात १५ टक्के मेथॅनॉलचे पेट्रोल प्रायोगिक तत्त्वावर विकायला ठेवले गेले. तेव्हा ‘गाडीत चालते ते’ ही खूण दोघांना वेगळे करायला पुरेशी नाही.

शरीरात गेल्यावर मात्र वाटा फुटतात. यकृतातले एकच विकर (एन्झाइम) दोघांवर काम करते. इथेनॉलचे अॅसिटाल्डिहाइड आणि मग अॅसेटेट होते, जे शरीर जाळून टाकू शकते. मेथॅनॉलचे फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते, आणि ते पेशींची ऑक्सिजन वापरण्याची यंत्रणाच बंद पाडते. डोळ्यांची नस त्याला सर्वांत आधी बळी पडते. हे घडायला वेळ लागतो, आणि खरी दगाबाजी त्या वेळात आहे. पिणाऱ्याला सुरुवातीला साधी नशा वाटते. बारा ते चोवीस तासांनी पोट दुखू लागते, ओकाऱ्या होतात, श्वास जलद आणि खोल चालतो आणि माणूस म्हणतो की डोळ्यांपुढे सगळे पांढरे धुके दिसते. तोपर्यंत घरच्यांनी ‘काल जास्त झाली’ म्हणून त्याला झोपवून ठेवलेले असते. उपचारात फोमेपिझोल हे औषध देतात, आणि ते नसेल तर रुग्णालयात मोजून-मापून इथेनॉलच देतात, कारण ते विकर मेथॅनॉलपेक्षा इथेनॉलला आधी धरते आणि विष बनण्याचे काम अडून राहते; सोबत डायलिसिस करून रक्तातले मेथॅनॉल काढावे लागते. हा उतारा वैद्यकीय देखरेखीखालचा आहे. ‘वरून चांगली दारू पाजा’ असा त्याचा अर्थ कोणी काढू नये.

येथे एका समजुतीचा समाचार घ्यायला हवा. विषारी दारूची बातमी आली की पारावर म्हणतात, “भट्टी बिघडली असणार.” पेक्टिन असलेली फळे आंबवली तर थोडे मेथॅनॉल बनते हे खरे, पण गूळ आणि मळी यांत पेक्टिन जवळपास नसते. हातभट्टीची दारू इतर शंभर कारणांनी वाईट असेल, तरी गावेच्या गावे आंधळी होतील एवढे मेथॅनॉल तिच्या मडक्यात आपोआप तयार होत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली, जुलै २०२२ मध्ये गुजरातच्या बोटाद भागात चाळिसांहून अधिक, जून २०२४ मध्ये तमिळनाडूतल्या कल्लाकुरिचीत साठांहून अधिक. या घटनांत मेथॅनॉल कारखान्यांच्या साखळीतून आले होते. पिण्याच्या मद्यार्कावर भरमसाट कर आणि उत्पादन शुल्क विभागाची कुलुपे, तर मेथॅनॉल स्वस्त, अशी ही दरी आहे, आणि त्या दरीतूनच पिंप बाहेर पडते.

‘डिनेचर्ड स्पिरिट’ हा आणखी एक फसवा शब्द. ते मुळात इथेनॉलच असते. कोणी पिऊ नये आणि त्यावर मद्याचा कर लागू नये म्हणून त्यात कडू किंवा घाणेरड्या वासाचे पदार्थ मिसळतात. काही देशांत मिसळायचा हा पदार्थ मेथॅनॉलच असे, म्हणून ‘मेथिलेटेड स्पिरिट’ हे नाव पडले आणि आपल्याकडच्या हार्डवेअर दुकानांच्या फळीवरही ते येऊन बसले.

मग ओळखायचे कसे? जीभ आणि नाक यांवर भरवसा नको. कारखान्यात मद्यार्काचे प्रमाण पाहायला हायड्रोमीटर सोडतात, पण २० अंशांना मेथॅनॉलची घनता ०.७९१ आणि इथेनॉलची ०.७८९, काचेची ती नळी दोघांत जवळपास एकाच रेघेवर तरंगते. उत्कलनबिंदू ६४.७ आणि ७८.४ अंश असे दूर आहेत खरे, पण पाण्यात मिसळलेले हे दोघे साध्या भट्टीवर उकळून वेगळे होत नाहीत. मी बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवत असताना दरवर्षी आयोडोफॉर्म चाचणी करून दाखवत असे: दोन परीक्षानळ्यांत आयोडीन टाकायचे, मग रंग उडेपर्यंत थेंबथेंब अल्कली, आणि किंचित ऊब द्यायची. इथेनॉलच्या नळीत पिवळा, हळदीच्या पाण्यासारखा गढूळपणा येतो आणि जुन्या दवाखान्याचा वास सुटतो. मेथॅनॉलची नळी स्वच्छच राहते. चाचणी सुंदर आहे, पण ती इथेनॉल ‘आहे’ एवढेच सांगते. सोबत मेथॅनॉल मिसळलेले ‘नाही’ हे सांगत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र, लागतो.

उन्हाळ्यात आमच्याकडे टँकरचे पाणी साठवायला भंगारवाल्याकडून दोनशे लिटरची पिंपे घेण्याची रीत आहे, आणि घेताना लोक तळ ठोकून, गंज पाहून, भाव पाडून घेतात; आधी त्यात काय भरले होते हे मात्र पाहायचे राहते. मेथॅनॉल पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते, शिवाय ते त्वचेतून आणि श्वासावाटेही शरीरात जाते. कामाच्या जागेच्या हवेत आठ तासांसाठी इथेनॉलची मर्यादा दशलक्ष भागांत १००० भाग धरतात, मेथॅनॉलची फक्त २००. मागच्या वर्षी शेजाऱ्यांनी आणलेल्या पिंपाला अर्धे फाटलेले लेबल होते. कवटीचा डावा डोळा आणि ‘१२३’ एवढेच उरले होते. चौथा आकडा लेबलाबरोबर गेला होता, आणि पिंप आम्ही परत पाठवले.