ऑफिससाठी लॅपटॉप घेताय? आधी कीबोर्ड आणि बॉडी तपासा

ठाणे आणि नवी मुंबईतल्या छोट्या व्यावसायिकांना आम्ही लॅपटॉप विकतो आणि दुरुस्तही करून देतो. नौपाड्यातले करसल्लागार, वागळे इस्टेटमधली वर्कशॉप, वाशीच्या एपीएमसी मार्केटमधले गाळेवाले असे सगळे येतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न प्रोसेसर आणि रॅमचा असतो. तो विचारायलाच हवा, पण प्रोसेसर बिघडला म्हणून दुरुस्तीला आलेला लॅपटॉप विरळाच. येतात ते हिंज (झाकणाची बिजागरी) तुटलेले, कीबोर्डवर चहा सांडलेले, चार्जिंगची पिन सैल झालेले. म्हणून दिवसभर वापरायचं यंत्र निवडताना आधी याच जागा पाहा, असा आमचा आग्रह आहे.

बॉडी आणि हिंज

स्वस्त लॅपटॉपमध्ये हिंजचे स्क्रू बहुधा प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या छोट्या पितळी नटांत घट्ट केलेले असतात. काही काळाने हिंज जड होते, आपण झाकण एका कोपऱ्याला धरून उघडतो, आणि सगळा ताण त्या प्लॅस्टिकवर येतो. ते फुटलं की वरची किंवा खालची अख्खी बॉडी बदलावी लागते. झाकण नेहमी मधोमध धरून उघडा. दुकानात लॅपटॉपचा पुढचा एक कोपरा धरून अलगद उचलून पाहा. बॉडी वाकली किंवा करकरली, तर तो लॅपटॉप ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत रोज नेण्याजोगा नाही.

जाहिरातीत 'मिल-एसटीडी-८१०' असं लिहिलेलं दिसतं. ही अमेरिकी लष्कराची चाचणी-पद्धत आहे. तिच्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे लॅपटॉप कंपनी स्वतः ठरवते, लष्कर कोणतंही प्रमाणपत्र देत नाही. खूण चांगलीच आहे, पण लॅपटॉप हातातून पडला तर साध्या वॉरंटीत तो भरून मिळत नाही. पडणं आणि पाणी सांडणं यांसाठी अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. फिरतीचं काम असेल तर ते जरूर घ्या.

कीबोर्डला वेळ द्या

दुकानात ग्राहक स्क्रीन पाच मिनिटं न्याहाळतात आणि कीबोर्डवर दोन बोटं मारून पुढे जातात. बिलं, कोटेशन, ईमेल आणि टॅलीतल्या नोंदी मात्र त्याच कीबोर्डवर व्हायच्या असतात. तेव्हा खुर्चीत बसा आणि तुमचंच एखादं पत्र पूर्ण टाइप करा. अक्षर सुटतंय का, दोनदा उमटतंय का, कीबोर्डचा मधला भाग दाबल्यावर खाली खचतोय का, हे लगेच कळेल. बटण किती खाली जातं याचाही फरक पडतो. दीड मिलिमीटरच्या आसपास असेल तर बोटांना नीट जाणवतं. अगदी पातळ लॅपटॉपमध्ये ते कमी असतं, आणि दिवसभर टाइप करणाऱ्याची बोटं दुखतात.

मराठीत टाइप करणाऱ्यांनी उजवी बाजू खास तपासावी. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या कीबोर्ड मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला येतात. च, ट आणि ड तर एंटरच्या जवळच्या बटणांवर आहेत. नंबरपॅड (उजवीकडचा आकड्यांच्या बटणांचा वेगळा गट) बसवण्यासाठी काही मॉडेलमध्ये नेमकी हीच बटणं अरुंद केलेली असतात. इंग्रजी टाइप करणाऱ्याला तिथे फक्त विरामचिन्हं लागतात, म्हणून त्याच्या ते लक्षातही येत नाही. मराठी अर्ज, नोटिसा किंवा करारनामे करणाऱ्याचं बोट मात्र दर ओळीत चुकतं.

नंबरपॅड हवा की नको, हे कामावर ठरवा. जीएसटीची बिलं आणि टॅली दिवसभर चालत असेल, तर १५.६ इंची स्क्रीनचा नंबरपॅडवाला लॅपटॉप घ्या. त्यात टाइप करताना हात थोडे डावीकडे सरकतात, एवढं लक्षात ठेवा. आकडे अधूनमधून लागत असतील, तर १४ इंची घेऊन यूएसबीचा सुटा नंबरपॅड जोडणं आम्हाला जास्त पटतं.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या : कीबोर्ड सुटा बदलता येतो का? बऱ्याच स्वस्त मॉडेलमध्ये तो वरच्या पॅनेलला प्लॅस्टिक वितळवून जोडलेला असतो, त्यामुळे एक बटण गेलं तरी पॅनेलसकट बदलायची वेळ येते. लेनोवोची थिंकपॅड, एचपीची एलिटबुक किंवा डेलची लॅटिट्यूड (२०२५ पासून 'डेल प्रो') अशा ऑफिससाठीच्या मालिकांतल्या अनेक मॉडेलमध्ये कीबोर्ड स्क्रू काढून बदलता येतो, आणि काहींत सांडलेलं पाणी वाहून जाण्याची सोयही असते. मालिका एकच असली तरी मॉडेलगणिक हे बदलतं, म्हणून नेमक्या मॉडेलबद्दल विचारा.

चहा सांडलाच, तर पॉवरचं बटण दाबून धरून लगेच बंद करा, चार्जर काढा, लॅपटॉप उलटा करून तंबूसारखा उभा ठेवा आणि तसाच घेऊन या. चालू होतो का हे पाहू नका. साखर आणि दूध सर्किटवर राहिलं की गंज चढतो आणि आठवड्याभराने भलतंच काही बंद पडतं. हेअर ड्रायरही लावू नका.

किंमत वर्षांनी भागा

समजा, ४५,००० रुपयांचा लॅपटॉप तीन वर्षं चालला आणि ७२,००० रुपयांचा सहा वर्षं. पहिला वर्षाला १५,००० रुपयांना पडला, दुसरा १२,००० रुपयांना. शिवाय पहिल्यात मधल्या काळात हिंज गेली, तर खर्च होतोच आणि काम थांबतं ते वेगळं. सहा वर्षं चालवायचा असेल, तर रॅम आणि एसएसडी (फाइली साठवणारी ड्राइव्ह) नंतर वाढवता येते का ते बघा. रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली (डाग देऊन कायमची जोडलेली) असेल, तर पहिल्याच दिवशी १६ जीबी घ्या. बॅटरी हा मात्र झिजणारा भाग आहे. कोणत्याही लॅपटॉपमध्ये ती मधेच बदलावी लागेल, असं धरूनच चला.

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. तुमची नियमित नोंदणी असेल आणि लॅपटॉप धंद्यासाठी घेत असाल, तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर घालून घ्या म्हणजे हा कर जमेला धरता येईल. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) असणाऱ्यांना ही सवलत नाही.

वापरलेला लॅपटॉप

बजेट कमी असेल, तर नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा कंपनीतून निघालेला ऑफिस-मालिकेचा चांगला लॅपटॉप बरा, असं आम्ही बिनदिक्कत सांगतो. फक्त विंडोज ११ अधिकृतपणे चालतं का ते पाहा, कारण विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेल असेल तर निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर हवा. बॅटरी किती झिजली हे दाखवणारा बॅटरी रिपोर्ट विंडोजमधून काढून मागा, बायोसला (लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामला) जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिला नाही ना याची खात्री करा.

नवा असो वा जुना, पैसे देण्याआधी बिलावरचा सिरियल नंबर लॅपटॉपच्या खालच्या नंबरशी जुळवा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर तोच टाकून वॉरंटीची तारीख तपासा. इंजिनिअर ऑफिसात येणार की लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला न्यावा लागणार, हेही तिथेच दिसतं.