कॉन्फरन्स बदलणं म्हणजे प्रमोशन नव्हे

अमेरिकेतलं एखादं विद्यापीठ एक कॉन्फरन्स (आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) सोडून दुसरीत गेलं की आपल्याकडचे फुटबॉलप्रेमी लगेच म्हणतात, ‘त्यांना वर घेतलं.’ एखादं मागे राहिलं की, ‘खेळ घसरला असेल, म्हणून खाली ढकललं.’ प्रीमियर लीग पाहून वाढलेल्या माणसाला असं वाटणं साहजिक आहे, पण हे साफ चूक आहे. ही एक चूक डोक्यात बसली की २०२१ ते २०२४ या काळात अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये (हा अमेरिकन फुटबॉल, आपण पाहतो तो नव्हे) कॉन्फरन्सची जी उलथापालथ झाली, त्यातलं काहीच नीट कळत नाही.

इंग्लंडमधली पद्धत तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात. प्रीमियर लीगमध्ये वीस क्लब, तळाचे तीन खाली, त्याखालच्या चॅम्पियनशिप लीगमधले तीन वर. ल्यूटन टाउन एकेकाळी व्यावसायिक लीगच्याही बाहेर फेकला गेला होता, तो पायरी-पायरीने चढत २०२३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोचला. आपल्या रणजी करंडकातही एलिट आणि प्लेट हे गट आहेतच. एकेकाळी प्लेट गटात खेळणाऱ्या विदर्भाने २०१७-१८ मध्ये करंडक जिंकला. या सगळ्याचा पाया एकच आहे, गुणतक्ता. मैदानावर गुण मिळवले तर दार उघडावंच लागतं, वरच्यांना तुम्ही आवडत असा किंवा नसा.

अमेरिकेत दार उघडणारा गुणतक्ता नावाची गोष्टच नाही. तिथे कॉन्फरन्स ही विद्यापीठांनी आपसात केलेली संघटना आहे. कोणाला आत घ्यायचं हे आतले सदस्य मतदानाने ठरवतात. निमंत्रण आलं तर जायचं, नाही आलं तर कितीही जिंका, बाहेरच राहायचं.

बॉइसी स्टेटचं उदाहरण मी नेहमी देतो, कारण ते ऐकल्यावर वाद उरत नाही. आयडाहोसारख्या कमी लोकवस्तीच्या राज्यातली ही टीम. १ जानेवारी २००७ ला फिएस्टा बोल या मोसमाअखेरच्या मोठ्या सामन्यात तिने बलाढ्य ओक्लाहोमाला जादा वेळेत ४३-४२ असं हरवलं. तो सामना आजही कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वांत रोमांचक सामन्यांत मोजला जातो. २००९ च्या मोसमात ही टीम १४ पैकी १४ सामने जिंकली. इंग्लंडमध्ये एवढ्यावर तिला कोणी रोखू शकलं नसतं. पश्चिमेच्या बड्या कॉन्फरन्सने, म्हणजे तेव्हाच्या पॅक-१० ने, तिला बोलावलंच नाही. २०११ मध्ये तिथे कोलोरॅडो आणि युटा गेले आणि पॅक-१० ची पॅक-१२ झाली. बॉइसी स्टेट त्याच वर्षी माउंटन वेस्ट या धाकट्या कॉन्फरन्समध्ये दाखल झाली.

आता याच्या उलट रटगर्स बघा. न्यू जर्सीतलं हे विद्यापीठ एडिसनला लागून असलेल्या पिस्कॅटवे भागात पसरलेलं आहे, त्यामुळे तिथल्या मराठी घरांना ते चांगलं माहीत असतं. फुटबॉलमध्ये रटगर्सची कामगिरी बॉइसी स्टेटच्या आसपासही नव्हती. तरी नोव्हेंबर २०१२ मध्ये बिग टेन या बड्या कॉन्फरन्सने मेरीलँडपाठोपाठ रटगर्सलाही निमंत्रण दिलं आणि २०१४ मध्ये दोघं आत गेले. कारण बिग टेनने २००७ मध्ये स्वतःची वाहिनी सुरू केली होती. केबलवर ती वाहिनी ज्या घरात दिसेल त्या प्रत्येक घरामागे महिन्याला ठरावीक पैसे मिळत, आणि कॉन्फरन्सच्या हद्दीतल्या घरामागचा दर बाहेरच्यापेक्षा बराच जास्त असे. रटगर्समुळे न्यूयॉर्क-न्यू जर्सी हा पट्टा हद्दीत आला, मेरीलँडमुळे वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर. त्या घरातला माणूस रटगर्सचा सामना बघतो की नाही याने फरक पडत नव्हता. केबलचं बिल भरलं की पुरे.

बहुतेक जण अडखळतात ते इथेच. त्यांना वाटतं, ठीक आहे, निमंत्रण असेल, पण शेवटी चांगल्या टीमलाच बोलावत असतील ना? नाही. निमंत्रण देणाऱ्यांसमोर प्रश्न असतो वाटणीचा. कॉन्फरन्स सगळ्या सदस्यांचे टीव्हीचे हक्क एकत्र विकते आणि येणारी रक्कम साधारण समान वाटते. समजा दहा सदस्य आहेत आणि प्रत्येकाला वर्षाला चार कोटी डॉलर मिळतात. अकरावा आला आणि त्याच्यामुळे टीव्ही कंपनीने तीन कोटीच वाढवून दिले, तर जुन्या दहांपैकी प्रत्येकाचा वाटा कमी होतो. अकरावा सगळे सामने जिंकणारा असला तरी जुने सदस्य त्याला मत देणार नाहीत. त्याने पाच कोटी आणले, तर तो तळाला राहणारा असला तरी चालतो. उलट सहज हरवता येणारा पाहुणा काही जणांना जास्तच बरा वाटतो. ‘ही टीम किती चांगली?’ हा तिथे दुय्यम प्रश्न आहे. ‘हिच्यामुळे माझा वाटा वाढेल का?’ हा पहिला.

२०२३ चा उन्हाळा या हिशेबाने वाचला की स्वच्छ दिसतो. २०२२ च्या मोसमात पॅक-१२ मधल्या कोलोरॅडोने बारापैकी एकच सामना जिंकला होता. त्याच मोसमात त्याच कॉन्फरन्सची ओरेगन स्टेट टीम दहा सामने जिंकली, तीन हरली. प्रमोशनच्या चष्म्यातून बघणारा म्हणेल, ओरेगन स्टेट वर जाईल, कोलोरॅडो खाली. झालं उलटं. जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडोला बिग १२ या दुसऱ्या बड्या कॉन्फरन्सने आनंदाने परत घेतलं, कारण मागे डेन्व्हरसारखं मोठं शहर होतं, जुने संबंध होते आणि प्रशिक्षक म्हणून आलेल्या डिऑन सँडर्स या माजी स्टार खेळाडूमुळे सगळ्या देशाचं लक्ष तिकडे लागलं होतं. ओरेगन स्टेट कॉर्व्हॅलिस या छोट्या गावात आहे. तिला कोणत्याच बड्या कॉन्फरन्सने बोलावलं नाही. वॉशिंग्टन स्टेटचंही तेच झालं. २०१८ मध्ये ती टीम अकरा सामने जिंकली होती, पण पुलमन हे गाव टीव्हीच्या नकाशावर ठिपक्याएवढं. ‘त्यांचा खेळ घसरला’ असं या दोघांबद्दल कोणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. त्यांनी खेळात काहीही गमावलं नव्हतं.

‘एनसीएएने हे होऊ कसं दिलं?’ हा प्रश्नही मी फार वेळा ऐकतो. एनसीएए ही तिथल्या कॉलेज खेळांची देशव्यापी संघटना. आपल्याकडे बीसीसीआय ठरवते तेव्हा रणजीचे गट बदलतात, म्हणून वाटतं की तिथेही एनसीएए वर बसून ठरवत असेल. एकेकाळी टीव्हीबाबत ते बरंचसं खरं होतं. कोणाचा सामना वर्षात किती वेळा दाखवायचा हेसुद्धा एनसीएए ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ही विद्यापीठं त्याविरुद्ध न्यायालयात गेली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला की हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे. त्या दिवसापासून फुटबॉलचे हक्क विद्यापीठांचे आणि त्यांच्या कॉन्फरन्सचे झाले. मार्चमधली बास्केटबॉलची मोठी स्पर्धा एनसीएएची आहे आणि तिचा पैसाही एनसीएएकडे जातो, म्हणून लोकांना वाटतं फुटबॉलचंही तसंच असेल. फुटबॉलचा प्लेऑफ, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणारी स्पर्धा, मात्र कॉन्फरन्स आणि फुटबॉलमध्ये कोणत्याच कॉन्फरन्समध्ये नसलेलं नोत्र दाम विद्यापीठ मिळून चालवतात. तेव्हा कोणी कोणत्या कॉन्फरन्सात जावं, यावर एनसीएएचं काही चालत नाही.

१९८४ नंतरचा इतिहास मग आपोआप उलगडतो. पेन स्टेट बिग टेनमध्ये गेलं. १९९२ मध्ये एसईसी या दक्षिणेकडच्या बड्या कॉन्फरन्सने आर्कान्सा आणि साउथ कॅरोलायना घेऊन बारा सदस्य केले, कारण तेव्हाच्या नियमानुसार बारा सदस्य असले तरच अंतिम सामना वेगळा भरवता येई, आणि तो सामना टीव्हीला विकता येई. १९९६ मध्ये टेक्ससची साउथवेस्ट कॉन्फरन्स मोडली. चार विद्यापीठांना बिग एट या कॉन्फरन्सने घेऊन बिग १२ केली. बाकीची, त्यात एसएमयू आणि राइस, रस्त्यावर आली. २०२१ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा यांनी एसईसीचा रस्ता धरला. ३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसमधली यूएससी आणि यूसीएलए ही विद्यापीठं बिग टेनकडे निघाली, आणि सात आठवड्यांत बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, ७०० कोटी डॉलरहून मोठा करार जाहीर केला. लॉस एंजेलिस हातात आल्यावर करार झाला, हा क्रम लक्षात घ्या.

पॅक-१२ कडे मात्र २०२४ नंतरचा टीव्हीचा करारच नव्हता. बिग १२ ने आधीच आपला करार वाढवून घेतला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये पॅक-१२ च्या सदस्यांपुढे आला तो अ‍ॅपलचा स्ट्रीमिंगचा प्रस्ताव, ज्यात हमीची रक्कम कमी आणि बाकीचं वर्गणीदार किती जमतील त्यावर. ४ ऑगस्टला एकाच दिवसात पाच विद्यापीठं गेली. ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ कडे. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलेचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) यांना पूर्व किनाऱ्यावरच्या एसीसी या कॉन्फरन्सने घेतलं. शंभरहून जास्त वर्षांचा वारसा सांगणारी कॉन्फरन्स दोन सदस्यांवर आली.

याच घटनांत वाटणीच्या हिशेबाचा सर्वांत ठसठशीत पुरावा आहे. ओरेगन आणि वॉशिंग्टन सुरुवातीला पूर्ण वाटा घेत नाहीत. स्टॅनफर्ड आणि कॅल यांनीही कमी वाटा मान्य केला. डॅलसच्या एसएमयूने तर एसीसीत येण्यासाठी टीव्हीच्या पैशांतला वाटा नऊ वर्षांसाठी सोडला. जुन्या सदस्यांचा वाटा कमी होत नाही, असं दाखवल्यावरच दार उघडलं. गुणतक्त्याने वर आलेल्या क्लबला अशी अट कोणी घालू शकत नाही. त्याला हक्काचा पैसा पहिल्या दिवसापासून मिळतो. एसएमयूने २०२४ मध्ये, एसीसीतल्या पहिल्याच वर्षी, प्लेऑफमध्ये धडक मारली, तरी ती अट तशीच राहिली.

दोन किरकोळ घोटाळे झटपट निकालात काढू. नावातला आकडा सदस्यसंख्या सांगत नाही. आज बिग टेनमध्ये अठरा आहेत आणि बिग १२ मध्ये सोळा. दुसरं, डिव्हिजन आणि कॉन्फरन्स या वेगळ्या गोष्टी आहेत. डिव्हिजन १, २, ३ हे एनसीएएचे स्तर आहेत. शिष्यवृत्त्या, खर्च आणि नियम त्यांवर ठरतात. डिव्हिजन १ मधल्या फुटबॉलचे पुन्हा दोन भाग आहेत, वरचा एफबीएस आणि खालचा एफसीएस. जेम्स मॅडिसन विद्यापीठ २०२२ मध्ये एफसीएसमधून एफबीएसमध्ये गेलं, ते मात्र स्तर बदलणं होतं. पण तिथेही एफबीएसच्या एखाद्या कॉन्फरन्सचं निमंत्रण लागतंच, आणि २०२३ पासून अर्जाचं शुल्क ५० लाख डॉलर झालं आहे. म्हणजे ज्याला खरोखर ‘वर जाणं’ म्हणता येईल, तेही विजयांनी मिळत नाही.

माझं मत विचाराल तर मी उघडपणे इंग्लंडच्या पद्धतीच्या बाजूचा आहे. तिच्यातही पैसेवाल्यांचंच राज्य चालतं, पण ल्यूटनला दार उघडावं लागतं. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी निमंत्रितांची सुपर लीग जाहीर केली. ती चाहत्यांनी दोन-तीन दिवसांत उधळली. अमेरिकन कॉलेजची व्यवस्था जवळपास तीच आहे, फक्त ती चाळीस वर्षांत हळूहळू उभी राहिली, त्यामुळे कोणाला एका दिवसात रस्त्यावर उतरावंसं वाटलं नाही. शिवाय इथे खेळणारी मुलं विद्यार्थी आहेत. फुटबॉलचा सामना आठवड्यातून एकदा, बहुतेक शनिवारी. पण व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, टेनिस खेळणाऱ्या मुलामुलींना आठवड्याच्या मध्येही प्रवास करावा लागतो. स्टॅनफर्डची व्हॉलीबॉल टीम नॉर्थ कॅरोलायनाला जाणार, यूसीएलएची न्यू जर्सीला. त्यांच्या खेळाचा टीव्हीच्या कराराशी काडीचा संबंध नाही, आणि किंमत तीच मुलं मोजतात. फुटबॉलला खुशाल देशभर हिंडू द्यावं. बाकीचे खेळ मात्र जवळपासच्या विद्यापीठांतच खेळवावेत. या मतावरून मी हटणार नाही.

पुढची उलथापालथ कधी होईल, याचा अंदाज बांधायचा असेल तर गुणतक्ता बाजूला ठेवून करारांच्या तारखा बघा. एसीसीच्या सदस्यांनी आपले टीव्हीचे हक्क २०३६ पर्यंत कॉन्फरन्सला लिहून दिले आहेत. म्हणजे कोणी सोडून गेलं असतं तरी त्याचे घरच्या मैदानावरचे सामने एसीसीच विकणार होती. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेम्सन त्याविरुद्ध न्यायालयात गेले होते. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. ज्यांचे सामने जास्त बघितले जातात त्यांना जास्त पैसे मिळणार आणि बाहेर पडण्याची किंमत वर्षागणिक उतरत जाणार. बिग टेनचा सध्याचा करार २०३० च्या सुमारास संपतो, बिग १२ चा त्यानंतर लगेच. एसीसीतून बाहेर पडणं परवडण्याजोगं होतं तेही त्याच सुमारास. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट यांनी न्यायालयात लढून पॅक-१२ चं नाव आणि ताबा स्वतःकडे राखला. आता २०२६ च्या जुलैपासून ते नवी पॅक-१२ उभी करत आहेत, आणि तिच्या नव्या सदस्यांत बॉइसी स्टेट आहे.