पंख्याच्या पात्याचा स्क्रू सैल होतोच कसा?

परवा सकाळी गादीवर एक स्क्रू सापडला, वर बघतो तर पंख्याच्या पात्याचा! एका पात्याला असतात दोनच, म्हणजे रात्रभर ते पातं एकाच स्क्रूवर फिरत होतं. शेजारचे काका म्हणाले, "स्पीडच्या जोराने निघतात हो ते." पण गंमत म्हणजे नुसत्या जोराने नाही निघत.

१२०० मिमीचा पंखा फुल्ल स्पीडला मिनिटाला साधारण ३६० फेरे मारतो, सेकंदाला ६. पातं ३०० ग्रॅमचं धरा, त्याचा गुरुत्वमध्य पंख्याच्या मधोमधपासून ३५ सेंमीवर, तर वस्तुमान गुणिले कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या केलं की बाहेरची ओढ येते जेमतेम १५ किलो वजनाएवढी. दोन लोखंडी स्क्रूंना ती किरकोळच.

खरी भानगड घर्षणाची आहे. स्क्रू आवळला की तो स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणानेच पातं मोटरवर दाबून बसतं. आटे म्हणजे गुंडाळलेला उतार, ताणलेला स्क्रू त्यावरून उलटा घसरायला टपलेलाच असतो, घर्षण त्याला अडवून धरतं. आता पोळपाट तिरका करा, वाटी घसरणार नाही इतपतच, आणि वाटीला बोटाने आडवं ढकला. आडवी सरकता सरकता ती खालीही येते! कारण घर्षण सरकण्याच्या उलट दिशेला लागतं, ते आडवं खर्ची पडलं की उतारावर अडवायला फारसं उरत नाही. डुगडुगणाऱ्या पंख्यात पात्याचा बूड केसभर इकडेतिकडे सरकतो, दर वेळी स्क्रू कणभर उलटा फिरतो, आणि तासाला फेरे होतात २१,६००. गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनियरने १९६९ मध्ये यंत्रावर हेच दाखवलं, की उभ्यापेक्षा आडव्या हादऱ्याने बोल्ट फार लवकर सुटतो. आपण ज्यावर विसंबतो तो साधा स्प्रिंग वॉशरही (स्क्रूच्या डोक्याखालची चिरलेली चकती) अशा हादऱ्यापुढे फारसा टिकत नाही.

दसऱ्याला पंख्याला हळदकुंकू लावता ना, लावा, पण स्टुलावर चढलाच आहात तर पेचकसही घेऊन चढा. (मेन स्विच बंद करून!) सगळे स्क्रू आधी हाताने बसवायचे, मग आळीपाळीने आवळायचे, एका पंख्याची पाती दुसऱ्याला लावायची नाहीत, आणि शेवटी सुतळीने टोकापासून टोकापर्यंत तिन्ही अंतरं मोजायची. माझ्याकडे एका बाजूला दीड सेंमीचा फरक निघाला. मागच्या महिन्यात पातं बाजूला ओढून ओढून पुसलं होतं, तेव्हा मीच वाकवलं असणार.