वुल्फर्टन रेल्वे स्थानक

इंग्लंडच्या पूर्व भागातील नॉरफोक परगण्यातील एक बंद पडलेले ग्रामीण रेल्वे स्थानक. ब्रिटिश राजघराण्याच्या सँड्रिंगहॅम येथील खाजगी निवासस्थानापासून ते सुमारे ४ किमी. अंतरावर असून, १८६२ पासून १९६९ मध्ये मार्ग बंद होईपर्यंत राजघराण्यातील माणसे व त्यांचे पाहुणे येथेच उतरत. वुल्व्हर्टन हे मिळत्याजुळत्या नावाचे गाव बकिंगहॅमशरमध्ये आहे. तेथे शाही गाडीची देखभाल होते. त्यामुळे दोन्ही नावांची गल्लत वारंवार होते.

हे स्थानक राजासाठी बांधले गेले, असा समज असला तरी तो खरा नाही. किंग्ज लिन हे बंदराचे गाव आणि हन्स्टंटन ही समुद्रकाठची वसाहत यांना जोडणाऱ्या फाट्याला १८६१ मध्येच मंजुरी मिळाली होती. सँड्रिंगहॅमची जहागीर युवराज एडवर्ड (पुढे सातवा एडवर्ड) यांच्यासाठी त्यानंतर, १८६२ मध्ये, घेण्यात आली आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात मार्ग सुरू झाला. पुढच्या वसंतात एडवर्ड व अलेक्झांड्रा यांचा विवाह झाला आणि युवराजांच्या शिकारीच्या मेजवान्या वाढत गेल्या, तसे चार घरांच्या गावातील हे स्थानक पाहुणे, नोकरचाकर, बंदुकांच्या पेट्या व सामानसुमान यांनी भरू लागले. तोवर राजघराण्याला रेल्वे नवी राहिली नव्हती. व्हिक्टोरिया राणीने १३ जून १८४२ रोजी, म्हणजे बोरीबंदर–ठाणे गाडी धावण्याच्या सुमारे अकरा वर्षे आधी, स्लाउ ते पॅडिंग्टन हा आपला पहिला रेल्वेप्रवास २५ मिनिटांत केला होता.

ग्रेट ईस्टर्न रेल्वेने १८९८ मध्ये मार्ग दुहेरी करताना स्थानकाची जवळजवळ नव्याने बांधणी केली. कंपनीचे वास्तुकार विल्यम नेव्हिल ॲशबी यांनी तांबूस-तपकिरी स्थानिक दगड व उघड्या लाकडी तुळया वापरून ट्यूडर धाटणीची शाही प्रतीक्षालये उभारली. आतील भिंतींना ओक लाकडाचे अस्तर होते. फलाटावरील दिव्यांच्या खांबांवर छोटे मुकुट बसवलेले होते. एरवी मात्र येथे साधी गाडी थांबे, दोन-चार गावकरी चढत-उतरत आणि फलाट पुन्हा रिकामा होई. सँड्रिंगहॅममध्ये शिकारीला उजेड पुरावा म्हणून एडवर्डने घड्याळे अर्धा तास पुढे लावली होती आणि ही प्रथा १९३६ पर्यंत टिकली. रेल्वेचे वेळापत्रक ग्रिनिच वेळेवरच चाले. तेव्हा गाडी गाठायची तर वाड्यावरील पाहुण्याला मनातल्या मनात वजाबाकी करावी लागत असणार.

स्थानकाचे सर्वांत गंभीर दिवस अंत्ययात्रांचे होते. पाचवा जॉर्ज २० जानेवारी १९३६ रोजी सँड्रिंगहॅम येथे वारला. २३ तारखेला त्याची शवपेटी तोफगाड्यावरून वुल्फर्टनला आणली गेली. मुले मागून पायी चालत होती आणि राजाचा जॉक नावाचा पांढरा तट्टूही यात्रेत होता. तेथून खास गाडीने शवपेटी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात नेण्यात आली. १९५२ च्या फेब्रुवारीत सहाव्या जॉर्जचा अखेरचा प्रवासही याच वाटेने झाला.

राजा वर्षातून काही वेळा येतो, एवढ्यावर फाटा चालत नाही. हन्स्टंटनची वाहतूक उन्हाळी पर्यटकांवर अवलंबून होती आणि मोटारींच्या सोयीमुळे ती आटली; खर्च कमी करण्यासाठी मार्ग पुन्हा एकेरी करण्यात आला, तरीही मे १९६९ मध्ये तो बंद झाला. स्कॉटलंडमध्ये बाल्मोरल वाड्याजवळच्या बॅलटर स्थानकाचेही असेच झाले. १८६६ मध्ये उघडलेले ते स्थानक १९६६ मध्ये बंद पडले. वुल्फर्टनच्या इमारतीत पुढे काही काळ संग्रहालय होते. आता ती खाजगी निवासस्थान आहे.

यानंतर सँड्रिंगहॅमला जाण्यासाठी किंग्ज लिनपर्यंतच रेल्वे उरली. दुसरी एलिझाबेथ राणी आपल्या उत्तरायुष्यात नाताळच्या सुट्टीसाठी अनेकदा शाही गाडी न वापरता किंग्ज क्रॉसहून सुटणाऱ्या नेहमीच्या गाडीने, प्रथम वर्गाच्या डब्यातून, तेथे जात असे. किंग्ज लिनच्या फलाटावर डोक्याला रुमाल बांधून उतरणाऱ्या राणीची छायाचित्रे वृत्तपत्रांत जवळपास ठरलेली असत. डिसेंबर २०१६ मध्ये सर्दीने बेजार झाल्यामुळे तिने ही गाडी चुकवली आणि दुसऱ्या दिवशी ती हेलिकॉप्टरने गेली. नऊ डब्यांची खास शाही गाडी मात्र क्वचितच वापरली जाऊ लागली. ती २०२७ पर्यंत सेवेतून काढण्याचा निर्णय जून २०२५ मध्ये जाहीर झाला.