बोटीत शिसं कशाला?

“मामा, बोट तरंगाय पाहिजे न्हवं? मग शिसं कशाला घालायलास?”

बेळगावात, शहापुरातल्या आमच्या परसातल्या हौदापाशी बसून भाच्यानं विचारलेला हा प्रश्न मला फार आवडला. हलकं ते तरंगतं, जड ते बुडतं, ही समजूत शिकल्यासवरल्या लोकांच्याही मनात पक्की असते. याच समजुतीच्या जोरावर ‘तरंगणारा दगड’ दाखवून लोकांना हात जोडायला लावतात. तो बहुतेकदा प्युमिस असतो, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हाचा फेस थिजून झालेला, आत पोकळ्याच पोकळ्या असलेला दगड. बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाएवढा रेटा पाणी वर देतं, हा आर्किमिडीजचा नियम त्यालाही लागू आहे आणि आमच्या बोटीलाही.

ही बोट म्हणजे आयएनएस विक्रांत या विमानवाहू नौकेची रिमोटवर चालणारी प्रतिकृती. खरी विक्रांत कोचीत बांधली गेली आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. लांबी २६२ मीटर, पूर्ण भारासह वजन सुमारे ४३,००० टन. आमचं प्रमाण १:२००, म्हणून लांबी १.३१ मीटर. वजनाला मात्र २०० नं भागून चालत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही आक्रसतात, तेव्हा २०० च्या घनानं, म्हणजे ८० लाखांनी भागायचं. उत्तर येतं साधारण ५.४ किलो. तलावाचं गोडं पाणी समुद्रापेक्षा थोडं हलकं, म्हणून खऱ्या विक्रांतच्याच जलरेषेपर्यंत बुडायला सव्वापाच किलो. प्लायवुडच्या फासळ्या, बाल्सा या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, रेझिन, मोटरी, बॅटरी, सुकाणू फिरवणारी छोटी सर्व्हो मोटर, सगळं मिळून जेमतेम ३ किलो भरलं. उरलेलं शिसं.

ते कुठे ठेवायचं, यात खरी गंमत आहे. बोट सरळ असताना पाण्याचा वरचा रेटा तिच्या मध्यरेषेतून लागतो. ती उजवीकडे कलली की उजवीकडचा जास्त भाग पाण्यात जातो आणि रेट्याचा बिंदू तिकडे सरकतो. या नव्या बिंदूतून सरळ उभी रेघ काढा. ती बोटीच्या मध्यरेषेला जिथे छेदते, तो मेटासेंटर. हे नाव पिएर बुगेर या फ्रेंच शास्त्रज्ञानं १७४६ मध्ये दिलं. बोटीचा गुरुत्वमध्य या बिंदूच्या खाली असेल तर वजन आणि रेटा मिळून तिला सरळ करतात. वर असेल तर तेच दोघे तिला उलथवतात. खोली तीच ठेवून रुंदी दुप्पट केली, तर रेट्याच्या बिंदूपासून मेटासेंटरची उंची चौपट होते.

गुरुत्वमध्य आणि मेटासेंटर यांच्यातलं अंतर घरी मोजता येतं. आम्ही डेकवर ५० ग्रॅमचं वजन १० सेंमी आडवं सरकवलं आणि आत टांगलेला २० सेंमीचा ओळंबा ९ मिमी हललेला पाहिला. ५० गुणिले १० भागिले ५२५० म्हणजे गुरुत्वमध्य सुमारे ०.०९५ सेंमी सरकला. त्याला ९/२०० नं भागलं की २.१ सेंमी. गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या एवढा खाली आहे.

त्याआधी एकदा बोट हौदात आडवी झाली होती. विक्रांतचा मनोरा डेकच्या उजव्या कडेला आहे आणि आम्ही तो जाड प्लायवुडचा केला होता. आता तो पातळ बाल्साचा आहे आणि शिसं तळाशी, किंचित डावीकडे चिकटवलंय.

वेगाचा हिशेब आणखी निराळा. लाटांचा आकार जुळायचा तर वेगाला २०० च्या वर्गमुळानं भागायचं. विक्रांतचे २८ नॉट इथे सेकंदाला एक मीटर होतात. किल्ला तलावाच्या काठानं भाचा रमतगमत चालला, तरी बोट त्याच्या बरोबरीनं जाईल.