साताऱ्याचं प्रतापसिंह हायस्कूल: राजवाडा, रजिस्टर आणि एक गोणपाट

दरवर्षी ७ नोव्हेंबर जवळ आला की साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलचा तो रजिस्टरच्या पानाचा फोटो सगळीकडे फिरायला लागतो. ७ नोव्हेंबर १९००, अनुक्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर, म्हणजे पुढचे बाबासाहेब, वर्ग पहिली इंग्रजी, म्हणजे मराठी शाळेनंतरची इंग्रजी शिक्षणाची पहिली इयत्ता. २०१७ पासून महाराष्ट्र सरकार हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं आणि ते योग्यच आहे. पण फोटो बघून लोक पुढं जातात, त्या एका ओळीच्या मागं काय काय घडलं होतं ते कुणी फारसं सांगत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात राजवाड्यापासून करावी लागते, कारण हे हायस्कूल म्हणजे राजवाड्यातली शाळा. गांधी मैदानासमोरचा जुना राजवाडा, साधारण १८२४ च्या सुमाराचा, तो बांधला प्रतापसिंह महाराजांच्या काळात. हे महाराज १७९३ चे. अर्धं तारुण्य पेशव्याच्या नजरकैदेत गेलं, फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत पेशव्याचे सेनापती बापू गोखले पडले आणि महाराज इंग्रजांच्या हाती आले. १८१९ च्या तहानं त्यांना साताऱ्याचं राज्य मिळालं, पण शेजारी रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणून ग्रँट डफ बसवलेला, म्हणजे गादी आपली आणि लगाम दुसऱ्याच्या हातात. तरी या माणसानं जमेल तेवढं केलं, रस्ते केले, शहराला पाणी आणलं, रोजनिशी लिहायची सवय ठेवली, आणि मुख्य म्हणजे मुलांनी शिकावं याची त्यांना खरी तळमळ होती. पुढं ईस्ट इंडिया कंपनीशी बिनसलं, १८३९ ला त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवलं आणि तिथंच १८४७ ला ते गेले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले ते तब्बल चौदा वर्षं तिथं भांडत राहिले, हाती काही लागलं नाही. इकडं त्यांच्या जागी गादीवर बसलेले भाऊ अप्पासाहेब १८४८ ला वारले, औरस वारस नाही म्हणून डलहौसीनं राज्य खालसा केलं.

राज्य गेलं, मागं वाडे राहिले. इंग्रज आमदानीत शहरात सरकारी इंग्रजी शाळा सुरू झाली, पुढं ती राजवाड्यात भरायला लागली आणि लोक तिला नुसतं गव्हर्न्मेंट हायस्कूल म्हणायचे. प्रतापसिंहांचं नाव तिला नंतर लागलं. ज्या राजाला गादीवरून उठवलं त्याचंच नाव शेवटी शाळेच्या पाटीवर आलं, मला हे फार बरं वाटतं. आता ती जिल्हा परिषदेची शाळा आहे.

आता मुख्य मुद्दा. सरकारी शाळा म्हणजे सगळ्यांची शाळा असं आज आपण सहज म्हणतो, पण हे ठरायलाच किती भांडावं लागलं बघा. १८५६ च्या जूनमध्ये धारवाडला एका महार मुलानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला, तिथल्यांनी नाकारला, त्यानं मुंबई सरकारकडं अर्ज केला. सरकारचं म्हणणं काय तर न्याय या मुलाच्या बाजूनं आहे हे कबूल, पण एका मुलासाठी बाकीची सगळी मुलं शाळा सोडून जातील, मग शाळा चालवायची कुणासाठी? प्रकरण कलकत्त्याला गेलं, तिथून लंडनला गेलं, आणि १८५८ मध्ये कंपनीच्या डायरेक्टरांनी सांगितलं की सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा सगळ्या जातींना खुल्या आहेत. नियम झाला. १८८२ ला शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशननं तोच परत मान्य केला. त्याच कमिशनपुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं होतं की सरकारच्या तिजोरीत पैसा येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावर खर्च होतो तो वरच्या वर्गांवर, आधी बारा वर्षांपर्यंतच्या पोरांचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, खटाव तालुका, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं. हा तालुका लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

म्हणजे १९०० साली सुभेदार रामजी सकपाळ पोराला घेऊन हायस्कूलच्या दारात आले तेव्हा कायद्यानं दार उघडं होतं, बेचाळीस वर्षं उघडं होतं. रामजी लष्करातून निवृत्त झालेले, दापोलीहून साताऱ्याला आलेले, घरात शिक्षणाचं वेड. भिवाची आई भीमाबाई १८९६ ला साताऱ्यातच वारली, पोरं आत्याच्या हाताखाली वाढत होती. मराठी शिक्षण कॅम्पातल्या शाळेत झालं आणि नऊ वर्षांचं पोर पहिली इंग्रजीत बसलं. हे इंग्रजी शिक्षण त्या काळात खेड्यातल्या पोरांना मिळतच नव्हतं, गावात मराठी शाळा असली तर नशीब, हायस्कूल पाहिजे तर शहर गाठायचं, फी भरायची, राहायचं-खायचं बघायचं. हा खर्च पेलणारी घरं मोजकीच, त्यात अस्पृश्य घर म्हणजे एखाददुसरंच.

नाव लागलं. पण बसायचं कुठं?

हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय आणि मी ते जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा पुढचं पान लगेच उलटत नाही. वर्गात नंबराप्रमाणे इतर पोरांत बसायचं नाही, कोपऱ्यात एकट्यानं बसायचं. खाली घ्यायला वेगळा गोणपाटाचा तुकडा, आणि वर्ग झाडणारा गडी त्या गोणपाटाला हात लावणार नाही, म्हणून संध्याकाळी तो तुकडा गुंडाळून घरी न्यायचा, सकाळी परत आणायचा. दप्तर सगळेच न्यायचे, हा पोरगा दप्तर आणि बसायची जागा दोन्ही नेत होता. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, मास्तरांची परवानगी घ्यायची, शिपायानं नळ सोडायचा मग प्यायचं, आणि शिपाई नसला तर पाणी नाही. तिकडं रजिस्टरात त्याच पोराचं नाव बाकीच्यांच्या रांगेत, त्याच शाईनं, अनुक्रमानं लिहिलेलं. कागदावर रांग मोडली नव्हती, वर्गात मोडलेली होती. या शाळेचा इतिहास मला तरी या दोन गोष्टींच्या मधल्या अंतरात दिसतो.

आणि शाळेबाहेर? १९०१ ची गोष्ट, रामजी तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला कॅशियर होते, दुष्काळी कामावर तलाव खोदायचं चाललेलं. हाच तो तालुका. सुट्टीत पोरांना वडिलांकडं जायचं होतं, नवे कपडे शिवले, नक्षीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं, केवढा आनंद. रेल्वेनं मसूरला उतरले, न्यायला कुणी आलं नाही, स्टेशनमास्तरनं कौतुकानं कोण तुम्ही विचारलं आणि पोरांनी खरं सांगितल्यावर त्याचा चेहराच बदलला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं आणि अट अशी की बैल पोरांनी हाकायचे, गाडीवान शेजारनं चालत येणार. सोबत डबा भरपूर होता पण पाणी कुणी दिलं नाही, रात्रभर उपाशी. हायस्कूलच्या पटावरची पोरं ही, इंग्रजी शिकणारी.

पण त्याच शाळेत कृष्णाजी केशव आंबेडकर नावाचे मास्तरही होते. भिवाचं आडनाव गावावरून आंबडवेकर, ते या मास्तरांनी बदलून आपलं आंबेडकर लावलं असं सांगतात, रजिस्टरात मात्र पहिल्या दिवसापासून आंबेडकरच दिसतं. मधल्या सुट्टीत पोरगं जेवायला घरी पळायचं हे मास्तरांना पसंत नव्हतं, म्हणून ते स्वतःच्या डब्यातली भाजीभाकरी रोज त्याला द्यायचे. शिवाशिव नको म्हणून वरून हातात टाकायचे, हेही खरं, आणि तरी ती भाकरी गोड लागायची असं बाबासाहेबांनी पुढं आठवणीत सांगितलंय. गोलमेज परिषदेला निघताना या मास्तरांचं पत्र आलं ते त्यांनी जपून ठेवलं होतं. मास्तर चांगले होते की रूढी पाळणारे होते हा वाद मला पटत नाही, दोन्ही एकाच माणसात होतं, आणि नऊ-दहा वर्षांच्या पोराला त्यातलं काय लक्षात राहिलं ते आपल्यासमोर आहे.

१९०४ ला कुटुंब मुंबईला गेलं, पुढं एल्फिन्स्टन हायस्कूल वगैरे ते सगळ्यांना माहीत आहे.

साताऱ्यात मात्र प्रश्न तसाच राहिला. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव पास झाला, सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, सरकारी शाळा अस्पृश्यांना खुल्या. म्हणजे १८५८ ला जे ठरलं तेच पासष्ट वर्षांनी परत ठरवावं लागलं. आणि १९२४ ला भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेचं काम काले गावाहून साताऱ्यात आणलं, बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायला लागली. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. १९२७ ला गांधीजी येऊन गेले. याच बोर्डिंगमधली पोरं शहरातल्या हायस्कुलांत शिकायला जायची. संध्याकाळी परत आली की एका पंगतीला बसायची, आणि ज्या शहरात पंचवीस वर्षांपूर्वी एक पोरगं काखेत गोणपाट घेऊन घरी जायचं त्याच शहरात आता महार, मराठा, जैन, मुसलमान पोरं एकाच चुलीवरची भाकरी खात होती.